नसलेली पथरी

माझ्या धाकट्या बहिणीला पथरी कधीच नव्हती. ती मी तिच्या पोटात घातली, मायच्या स्वयंपाकघरात वाटाणे सोलता सोलता, आणि पुढे पाच महिने लालबर्ऱ्यापासून बालाघाटपर्यंतच्या सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांनी ती खरी मानली. याचा मला अजून संताप येतो. लोकांचा येतो तसा स्वतःचाही येतो, आणि त्यातला कुठला जास्त हे ठरवत बसायला मला सवड नाही.

बहीण माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. तिला लालबर्ऱ्याला दिली. नवरा उकव्याच्या मँगनीजच्या खाणीत, तिथंच क्वार्टरमध्ये राहतो आणि सुट्टीला घरी येतो. घरात सासू, बहीण आणि तिच्या दोन मुली. आमच्या घरात सगळ्यात बोलकी तीच. सिवनी रोडच्या बसचा कंडक्टर कसा ओरडतो, त्याची नक्कल ती करायला लागली की माय हसून हसून खाली बसायची. दुसरी मुलगी झाली आणि काही महिन्यांत ती गप्प होत गेली. आधी वाटलं, थकली असेल. मग फोन उचलायची आणि नुसती श्वास घेत राहायची. वरण चुलीवर करपून जायचं आणि ती तिथंच हातात पळी धरून उभी असायची. केस विंचरणं सोडलं. झोप गेली. मी भेटायला गेले तेव्हा तान्ह्या पोरीला माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "ताई, इले तू घेऊन जा. माह्या हातून काहीच होत नाही. मी इच्या लायक नाही."

मी शिक्षिका आहे, तीस पोरांच्या गोंगाटात उभी राहणारी बाई, पण त्या दिवशी मी नुसती पोरीचं झबलं नीट करत बसले.

लस टोचायला येणाऱ्या नर्सबाईंनी मात्र एका नजरेत ओळखलं. म्हणाल्या, हा आजार आहे, बाळंतपणानंतर होतो, औषधानं बरा होतो, उशीर करू नका. बालाघाटला सरकारी दवाखान्यात दाखवता येतं, नाहीतर मध्य प्रदेशाची हद्द ओलांडून गोंदियाला मनाचे डॉक्टर आहेत. इतकं सरळ, इतकं सोपं. ताप आला तर जसं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. आणि आम्ही काय केलं? आम्ही मायच्या स्वयंपाकघरात दार लावून बसलो.

बालाघाटचा सरकारी दवाखाना माझ्या शाळेपासून चालत जाण्याएवढा जवळ. तिथं फुकट तपासतात, नीट बोलतात असं मी ऐकलं आहे. ऐकलंच आहे, कारण मी त्या दाराशी कधी गेले नाही, आणि ही गोष्ट लिहिताना मला लाज वाटते. तिथल्या बाकावर बसायचं म्हणजे अख्ख्या जिल्ह्यासमोर बसायचं. कोणी बैहरहून आलेला असतो, कोणी वारासिवनीहून, प्रत्येकाचा कोणी ना कोणी मामा आमच्या ओळखीचा. माय म्हणाली, "त्या खोलीसमोर तुले कोनी पाह्यलं तं झालं. उद्या तुह्या पोरीची सोयरीक कोन करन? म्हनतीन, मावशी पागल हाय, रक्तातच हाय." माझी मुलगी तेव्हा नववीत होती. नववीतल्या पोरीच्या लग्नासाठी आम्ही तिच्या मावशीचा आजार लपवायला बसलो होतो! मला तेव्हाच उठून ओरडायला पाहिजे होतं. मी ओरडले नाही. मी विचारलं, "मग लोकाईले सांगाचं काय?"

थायरॉईड म्हणावं तर लालबर्ऱ्यातच रक्त तपासतात. पोट बिघडलं म्हणावं तर सासू गोंदियाला जाऊ देणार नाही, घरीच ओवा देईल. तेव्हा मला पथरी सुचली. आमच्या जिल्ह्यात घरटी एकाला तरी पथरी झालेली असते. पथरीला महिनोन् महिने औषध लागतं, गोंदियाच्या चकरा लागतात, आणि मुख्य म्हणजे पथरीची कोणाला लाज वाटत नाही. पथरी झालेल्या बाईच्या भाचीचं लग्न मोडल्याचं कोणी ऐकलेलं नाही. जवायाला, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याला, मी फोनवर खरं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, मायले सांगू नका बस. बाकी तुमी म्हनान तसं." म्हणजे आता आम्ही चौघं खोटं बोलणारे झालो, आणि जिच्याशी खोटं बोलायचं ती एकटी, माझ्या बहिणीची सासू. तिला आम्ही दोघी बहिणी मामी म्हणतो. उंच, खणखणीत आवाजाची बाई, जिच्यासमोर तिचा मुलगाही हळू बोलतो.

गोंदियाचा तो दवाखाना पहिल्यांदा पाहिला तो दिवस मी विसरणार नाही. आमच्या भागात दोन अनोळखी माणसं एका बाकावर बसली की तिसऱ्या मिनिटाला गाव, सोयरे आणि यंदाचं धान विचारून झालेलं असतं. त्या खोलीत वीस माणसं बसली होती आणि कोणी कोणाला गाव विचारत नव्हतं. बायांनी पदर पुढं ओढलेला. माणसं आपल्या चपलांकडे बघत होती. कंपाउंडर नाव पुकारायचा तेही हळू आवाजात. आणि समोरच्या भिंतीशी, कॅलेंडरकडे टक लावून, आमच्या शाळेचे बडे सर, म्हणजे मुख्याध्यापक, बसले होते. त्यांनी मला पाहिलं. मी त्यांना पाहिलं. त्यांनी कॅलेंडरचं पान उलटून पुढचा महिना वाचायला घेतला आणि मी पर्स उघडून त्यात काहीतरी शोधत बसले.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी विचारलं, "मॅडम, कल छुट्टी पर थीं?"

"हाँ सर, छोटी बहन को पथरी है. गोंदिया दिखाने ले गई थी."

"अच्छा, अच्छा. मैं भी नहीं था. सिवनी में एक शादी थी."

यानंतर दर महिन्याला बहिणीची पथरी आणि सरांची सिवनीतली लग्नं एकाच दिवशी यायची. सिवनीत एका माणसाची इतकी लग्नं असू शकत नाहीत हे मला कळत होतं. माझी बहीण पाच महिने पथरी दाखवते आणि ऑपरेशन करत नाही, हे त्यांनाही कळत असणार. मी रजिस्टर पुढे करायची, ते सही करायचे. त्यांच्या घरात कोण आजारी आहे, हे मी कधी विचारलं नाही. तेव्हा याला मी मोठेपणा समजत होते.

इकडे लालबर्ऱ्यात पथरीनं मूळ धरलं. पथरीचं नाव ऐकताच मामींना जणू कामच मिळालं. त्यांनी कुळीथ आणले, आमच्याकडे ज्याला कुलथी म्हणतात ते, रात्री भिजवायचे, पहाटे उठून उकडायचे, फडक्यानं गाळायचे आणि ते कढत पाणी पेलाभरून सुनेच्या हातात द्यायचे. ती पेला रिकामा करेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. बाजूच्या काकूंनाही पथरी, खरीखुरी, तर त्यांनी आपल्या कुंपणाची पानफुटीची पानं तोडून दिली. नणंदेच्या सासरहून एक पुडी आली. बहीण सगळं गिळायची, आणि सोबत गोंदियाची गोळी. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, वर्षभर तरी गोळी बंद करायची नाही, बरं वाटलं तरी नाही, आपल्या मनानं तर मुळीच नाही. मी मान डोलावली. आम्ही फार छान मान डोलावतो.

तिसऱ्या महिन्यात तिची झोप परतली. मग एक दिवस फोनवर ती स्वतःहून बोलली. "ताई, मामी इतकी कुलथी पाजतात का आता माह्या पोटात पीक येईन." मी शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. मी हसले आणि तिथंच रडले, आणि पोरं बघत होती तरी थांबले नाही. माझी बहीण परत आली होती.

पाचव्या महिन्यात मामींनी कोणाला न विचारता तिला बालाघाटला आणलं आणि सोनोग्राफी करून घेतली. आम्हाला कळलं ते त्यांच्या फोननं. मी स्टाफरूममध्ये होते, समोर बडे सर हजेरी बघत होते. मामींचा आवाज फोनमधून खोलीभर पसरला.

"पडली! पोरी, पथरी पडली! डॉक्टर म्हने एकबी नाही. माह्या कुलथीनं पाडली. त्या गोंदियाच्या गोळ्या म्या चुलीत टाकल्या. गरम असतेत त्या. आता काहाले पाह्यजे?"

एक वाक्य बोलायचं होतं. 'मामी, त्या गोळ्या पथरीच्या नाहीत.' पाच-सहा शब्द. सरांनी हजेरीतून मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "अच्छं झालं मामी." अच्छं झालं! वर्गात पोरांना खरं बोला म्हणून शिकवणारी मी!

मग मी चलाखी केली. माझ्यासारख्या भित्र्या बाया धीर करायच्या जागी चलाखी करतात. गोंदियाहून गोळ्यांची नवी पाकिटं आणवली आणि ब्लाऊजपीसच्या घडीत लपवून बसच्या कंडक्टरजवळ लालबर्ऱ्याला पाठवली. बहिणीला फोनवर सांगितलं, घडी तूच उघड. पण पार्सल बसस्टँडवरून मामींनीच नेलं. घडी त्यांनीच उघडली. यानंतर दोन आठवडे बहिणीचा फोन आला नाही, आणि मी केला तर तिची थोरली पोरगी उचलायची, "मम्मी लेटी है." मी स्वतःला सांगत होते की रविवारी जाऊ. एक रविवार शाळेच्या कामात गेला. दुसरा माझ्या भीतीत गेला.

मग ती आली. मधली सुट्टी होती, पोरं ताटं धूत होती. फाटकाशी कोणीतरी बाई उभी आहे असं शिपायानं सांगितलं. ती होती. केस मोकळे, पायात चप्पल नाही, पावसाचा चिखल घोट्यापर्यंत. लालबर्ऱ्याहून एकटी बसमध्ये बसून आली होती. ज्या बाईला दोन आठवड्यांपासून अंथरुणातून उठणं होत नव्हतं ती कुठल्या बळावर बस पकडून आली, हे मला आजही उमगत नाही. मला वाटलं ती आता म्हणेल, मला वाचव. ती म्हणाली,

"ताई, त्या गोळ्या मामीनं बाजूच्या काकूले देल्या. म्हने पैशाच्या गोळ्या पुन्हा चुलीत काहाले टाकू, आमच्या सुनेची पथरी तं पडली, आता तू खा. काकू खाऊन राह्यली ताई. दोन दिसांपासून उलट्या करते. तिले काही झालं तं?"

"अन तू? तू काहून नाही सांगतलं?"

"काय सांगू? मले पथरी नोहती म्हनून?"

स्वतःच्या गोळ्या चुलीत गेल्या तेव्हा तिनं तोंड उघडलं नाही. गोंदियाचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. शेजारणीसाठी मात्र ती अनवाणी निघाली. मी तिला तिथंच जवळ घेतलं. मग पहिल्यांदा मला नुसता राग आला, शरमेचा लवलेश नसलेला स्वच्छ राग. कुठल्या लोकांसाठी आम्ही हे करत होतो? कोण होते ते, ज्यांनी आमच्या पोरीची सोयरीक मोडली असती? त्यांतला एकजण तरी तिच्यासाठी एक बस पकडून आला होता का?

अर्ज न देता मी शाळेतून निघाले. बडे सर दारात उभे होते. ते बाजूला झाले.

लालबर्ऱ्याला पोचलो तेव्हा मामी अंगणात कुळीथ उकडत होत्या, आता काकूंसाठी. सुनेला माझ्यासोबत बघून त्या उठल्या. "कुठं गेलती? अख्ख्या गावात पाह्यलं!" मी बसलेही नाही. उभ्यानंच बोलले.

"मामी, तिले पथरी नोहती."

"नोहती कशी? पडली ना."

"कधीच नोहती. तिले मनाचा आजार हाय. पोरगी झाली तवापासून. गोंदियाचा डॉक्टर मनाचा हाय, अन त्या गोळ्या मनाच्या हायत. काकूले पथरीसाठी देऊ नका, तिले त्रास होईन."

मामी तशाच कुंपण ओलांडून बाजूच्या घरात गेल्या. आम्ही दोघी अंगणात उभ्या. त्या परत आल्या तेव्हा हातात पाकिटं होती. काकूंनी चारच गोळ्या घेतल्या होत्या, आता उलट्या थांबल्या होत्या. मामींनी पाकिटं ओट्यावर ठेवली आणि तेव्हा त्या बोलायला लागल्या.

"पाच महिने म्या पाहाटे उठून कुलथी उकडली. गुडघे दुखत असतानी उकडली. अन तुमी दोघी बहिनी मनातल्या मनात हासत होत्या?"

"हासलो नाही मामी. भेव लागलं. वाटलं तुमी तिले माहेरी आनून टाकान."

त्या मला झिडकारतील, 'काहून टाकीन, मी काय राक्षस हाय का' असं म्हणतील, याची मी वाट पाहत होते. त्या खाली बसल्या. चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"टाकली असती," त्या म्हणाल्या. "पयल्या दिवशी सांगतलं असतं तं टाकली असती. माह्या जाऊले आमच्या घरानं असंच आनून टाकलं होतं. म्याच तिची पेटी भरून देल्ली होती. ती मंग परत आलीच नाही." त्यांनी लाकूड पुन्हा आत सरकवलं. "पन आता हिले कशी टाकू? पाच महिने रोज समोर बसून पाजलं हिले."

मी त्यांच्यावर रागावायच्या तयारीनं गेले होते. तो राग ठेवायला मला जागा सापडेना. माझ्या खोटेपणानं बहिणीची गोळी बंद पडली, हे खरं. त्याच खोटेपणानं ह्या बाईला पाच महिने सुनेच्या समोर बसवलं, हेही खरं. यातून काय शिकायचं हे मला कळत नाही, आणि कोणी समजावून सांगितलं तर मी ऐकूनही घेणार नाही. माणसाला आपल्या आजाराचं औषध मिळायला आधी दुसऱ्या आजाराचं सोंग घ्यावं लागतं, यात शिकण्यासारखं काय आहे? चीड येण्यासारखं मात्र पुष्कळ आहे.

"कोन्या दिवशी जाचं हाय गोंदियाले?" मामींनी विचारलं. "मीबी येईन."

पुढचं आधीच सांगून टाकते, कोणाला घोर नको. डॉक्टरांनी गोळी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. यावेळी जास्त दिवस लागले. पण बहीण हळूहळू उठली, आणि आता कंडक्टरबरोबर मामींचीही नक्कल करते, त्यांच्या समोर. गोळीचा डबा स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी असतो.

पण मला त्या दिवसाबद्दल लिहायचं आहे, गोंदियाच्या त्या खोलीत मामी पहिल्यांदा आल्या त्या दिवसाबद्दल. खोली नेहमीसारखी. पदर पुढं, नजरा खाली, कोणी कोणाला ओळखत नाही. भिंतीशी बडे सर, त्यांच्या कॅलेंडरसमोर. मी सवयीनं मान वळवली. मामींनी ते बरोबर टिपलं.

"कोन हाय तो?" त्यांनी त्या आवाजात विचारलं जो लालबर्ऱ्याच्या बाजारात पलीकडच्या टोकाला ऐकू जातो.

मी कुजबुजले, "हळू बोला ना मामी. आमच्या शाळेचे सर हायत."

"शाळेचे हायत अन तू राम राम नाही करत?"

बहीण खाली मान घालून हसत होती. कितीतरी आठवड्यांनी तिला हसताना पाहिलं, पण तेव्हा मला त्याचं सुख झालं नाही, मला जमिनीत जावंसं वाटलं. मामी उठल्या. गुडघ्यावर हात देत सरळ सरांच्या बाकाशी गेल्या आणि शेजारी बसल्या. खोलीतली सगळी माणसं आता बघत होती.

"राम राम गुरुजी. मेरी बहू को मन की बीमारी है, उसको लाई हूँ. आप किसको लाए?"

सरांनी कॅलेंडरवरून नजर काढली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मामींकडे. कंपाउंडर कोणाचं तरी नाव घेऊन थांबला होता.

"किसी को नहीं," ते म्हणाले. "मैं खुद आता हूँ. चार साल से."

"अकेले?"

"जी. अकेले."

मामींनी पिशवीतून थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि त्यांच्यापुढं धरला. सरांनी ते हातात घेतलं तरी मामींनी झाकण खालून धरून ठेवलं. मी या माणसाबरोबर चार वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला आहे. रोज विचारलं आहे, सर, भाजी कशी झाली. दुसरं काही विचारायला लालबर्ऱ्याहून ही बाई यावी लागली.